होटगीची राख आणि ट्रॉम्बेची काच

सोलापूरहून वाडीकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात होटगी जंक्शन लागते. विजापूर-गदगचा फाटा इथूनच फुटतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावाची ओळख पूर्वी दोन गोष्टींवरून सांगितली जायची, तलावावर उतरणारे पाणपक्षी आणि सिमेंट. त्यात अलीकडे तिसरीची भर पडली आहे. जवळच्या फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. ६६० मेगावॉटचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला.

कोळसा आला की राख येणारच. आणि राखेच्या पाठोपाठ हमखास एक वाक्य येते, ‘कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी असते.’ हे वाक्य सांगणारा सहसा मोठ्या ठसक्यात सांगतो. ते आले कुठून, ते पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतल्या ओक रिज या अणुसंशोधन केंद्रातले मॅकब्राइड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कोळशात युरेनियम आणि थोरियम दशलक्षात एक-दोन भाग या प्रमाणात असतात. कोळसा जळून गेला की ते राखेत उरतात आणि त्यांची तीव्रता काही पटींनी वाढते. त्यातली १ टक्का राख चिमणीवाटे हवेत जाते असे धरून त्यांनी आसपासच्या लोकांना मिळणारी किरणोत्सारी मात्रा काढली आणि सुरळीत चालणाऱ्या अणुवीज केंद्रातून हवेत जाणाऱ्या मात्रेशी तिची तुलना केली. कोळशाचे पारडे काही बाबतींत जड निघाले. मात्र ही तुलना फक्त हवेत सुटणाऱ्या द्रव्यांची होती. अणुभट्टीतून निघालेले जळके इंधन या हिशेबात नव्हतेच. पुढे लोकांनी अटी गाळल्या आणि वाक्य तेवढे ठेवले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९७ मध्ये स्पष्ट केले, की बहुतेक राखेतली किरणोत्सारी मूलद्रव्ये साधारण खडक आणि मातीत आढळतात त्याच पातळीवर असतात.

मग खरा अणुकचरा कसा असतो? त्यासाठी मुंबईला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जावे लागते. १९५६ ची ‘अप्सरा’, १९६० ची ‘सायरस’ आणि १९८५ ची ‘ध्रुव’ या अणुभट्ट्या इथल्याच. १९६० च्याच दशकात जळक्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा देशातला पहिला कारखानाही इथे सुरू झाला. इंधन आम्लात विरघळवून हवे ते काढून घेतले की मागे जो द्रव उरतो, तो यातला सर्वांत जहाल कचरा. तो जमिनीत मुरू द्यायचा नाही, टाकीत कायमचा ठेवायचा नाही, म्हणून त्याची काच करतात.

आता इथे ट्रॉम्बेची स्वतःची अडचण होती. प्लुटोनियम वेगळे करताना लोहाचा एक क्षार वापरला जाई, त्यामुळे उरलेल्या द्रवात सल्फेट भरपूर होते. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फारसे मुरत नाही. वितळलेल्या रसावर त्याचा पिवळा, पाण्यात विरघळणारा थर वेगळा साचतो आणि नको ती किरणोत्सारी द्रव्ये नेमकी त्या थरात जाऊन बसतात. इथल्या शास्त्रज्ञांनी काचेत बेरियम घालून ही गाठ सोडवली. जाड काँक्रीटच्या भिंतीआड, शिसेयुक्त काचेच्या खिडकीतून पाहत, यांत्रिक हातांनी हे सगळे चालते. सुमारे हजार अंश सेल्सिअसला वितळलेला रस पोलादी डब्यात ओततात, डब्याला झाकण वेल्ड करतात, आणि काचेने भरलेले असे डबे पुढे कित्येक वर्षे थंड करत सांभाळावे लागतात. या कामातली ती बेरियमची युक्ती मला सर्वांत लोभस वाटते, कारण रसायनशास्त्रातून आलेली अडचण रसायनशास्त्रानेच सुटली.

याच द्रवातून सीझियम-१३७ वेगळे काढून त्याच्याही काचेच्या कांड्या बनवल्या जातात. रक्तपेढ्यांत रुग्णाला चढवण्याआधी रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत त्या वापरतात. हातमोजे, कपडे, गाळ असला सौम्य घन कचरा काँक्रीटच्या खंदकांत जातो. सीझियम दर ३० वर्षांनी निम्मे होते, म्हणजे ३०० वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. थोरल्या बाजीरावांच्या काळापासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला, तेवढी राखण.

ती राखण न केल्यास काय होते, ते अमेरिकेत हॅनफर्डच्या जुन्या प्लुटोनियम-निर्मिती केंद्रात दिसते. तिथल्या १७७ भूमिगत टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर कचरा साठला, काही टाक्या गळल्या. काच करण्याच्या कारखान्याचे बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले, पण कचऱ्याची पहिली काच व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला.

आता परत होटगीला येऊ. फताटेवाडीचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर ढोबळ हिशेबाने दिवसाला २० हजार टन कोळसा लागेल आणि त्यातून सहा-सात हजार टन राख निघेल. राख वाहणाऱ्या ३० टनी बल्कर ट्रकच्या दोनशेहून अधिक खेपा. याउलट १००० मेगावॉटच्या अणुभट्टीच्या इंधनावर प्रक्रिया केल्यास वर्षाला साधारण तीन घनमीटर काच होते. राखेचे खरे दुखणे किरणोत्साराचे नाहीच. छातीत जाणारी बारीक धूळ आणि पाण्यात झिरपणारे आर्सेनिक-क्रोमियमसारखे धातू ही तिची खरी भीती. तिची बरी वाट म्हणजे सिमेंट. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते, आणि सिमेंटचे गाव असल्यामुळे होटगीपुढे ही वाट आयतीच आहे.

गंमत अशी की दोन्हीकडचा हिशेब उलटा आहे. ट्रॉम्बेत डब्याडब्याची नोंद असते, पण ती तुम्हाआम्हाला सहज पाहता येत नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने माहितीवर बंधने घातली, आणि २००० मध्ये भाभा केंद्रावरची सुरक्षा-देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून केंद्राच्या अंतर्गत परिषदेकडे दिली गेली. ज्याने कचरा करायचा त्यानेच तो तपासायचा, हे मला पटत नाही.

राखेचे मात्र सगळे उघड आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्राने राख किती झाली आणि किती वापरली, याची माहिती दर महिन्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरायची आहे. न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई आहे. ते आकडे उघडून पाहणारे किती? होटगी, फताटेवाडी, आहेरवाडीच्या ग्रामपंचायतींनी दर ग्रामसभेत ते वाचून दाखवावेत आणि नोटीस फलकावर लावावेत. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.