गावकामांतील न्याय्य वाटणी : पाणी जमिनीवर की माणशी?

गावी एखादे सार्वजनिक काम निघाले, मग ते नाल्यावरील बांध असो, तळ्यातील गाळ काढणे असो की पांदण रस्ता असो, म्हणजे प्रथम वर्गणीचा विचार होतो, मग जागेचा होतो, आणि त्या कामाचा लाभ कोणास किती मिळणार याचा विचार सर्वांत शेवटी होतो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. लाभाची वाटणी अगोदर ठरली नाही तर काम पुरे होते खरे, परंतु ते गावाचे राहत नाही. ज्याची जमीन बांधाखाली असेल त्याचे ते होते. न्याय्य वाटणी म्हणजे काय, ती प्रत्यक्षात कोठे व कशी आणली गेली, आणि ती मान्य करण्यात कास्तकाराचे स्वतःचे हित कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. सारखी वाटणी आणि न्याय्य वाटणी या दोन गोष्टी एक नव्हेत. बांधाच्या कामी प्रत्येक घराने दोन दिवसांचे श्रम द्यावेत असे ठरले, तर ते दिसावयास सारखे दिसते. परंतु बागाईतदार आपला गडी पाठवितो व त्याची मजुरी आपल्या उत्पन्नातून देतो. मजुराच्या घरी मात्र त्या दोन दिवसांची चूल विझते. पुढे बांधात पाणी साठले की ते बागाईतदाराच्या विहिरीस पाझरते आणि मजुराच्या वाट्यास काहीच येत नाही. भार सारखा आणि लाभ एकीकडे, यास न्याय म्हणता येणार नाही. ज्याची जेवढी ऐपत तेवढा त्याजवर भार, आणि ज्याची जी गरज तिला अनुसरून त्याचा वाटा, हे न्याय्य वाटणीचे मूळ सूत्र होय.

हे सूत्र बोलावयास सोपे आहे. ते हिशेबात आणण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातच पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात झालेले आहे. १९७२ च्या दुष्काळात तेथील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर आलेले पाहून पुण्याचे कारखानदार व अभियंते विलासराव साळुंखे यांनी या प्रश्नास हात घातला. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले. नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन ५० वर्षांच्या कराराने घेऊन तीवर बांधबंदिस्ती, पाझर तलाव व विहीर केली, आणि थोड्या पावसाच्या मुलखातही अडविलेल्या पाण्यावर पिके येतात हे दाखविले. त्यापुढचा प्रश्न अधिक कठीण होता. पाणी अडले, ते कोणाचे? या प्रश्नाच्या उत्तरातून जी पद्धत निघाली ती ‘पाणी पंचायत’ या नावाने प्रसिद्ध आहे.

तिचे नियम मोजके आहेत. पहिला असा की, उपसा योजना एकट्या शेतकऱ्यास द्यावयाची नाही, गटासच द्यावयाची. दुसरा असा की, पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्धा एकर भिजेल इतका, आणि एका कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांपुरता. तिसरा असा की, भूमिहीनासही हा हक्क आहे. चौथा असा की, हक्क जमिनीस चिकटलेला नाही; जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकले जात नाही. पाचवा असा की, ऊस, केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके या पाण्यावर घ्यावयाची नाहीत. खर्चाची विभागणीही ठरलेली होती : निम्मे सरकारी अनुदान, शेकडा ३० प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज, आणि शेकडा २० लाभधारकांनी स्वतः घालावयाचे.

या नियमांचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. एखाद्या गावी साठलेले पाणी रब्बीत ६० एकरांस पुरते असे धरा. जमिनीवर वाटले तर वीस-वीस एकरांचे तीन खातेदार ते संपवितात. माणशी अर्धा एकर या मापाने तेच पाणी १२० माणसांस, म्हणजे पाच-पाच माणसांच्या २४ कुटुंबांस पुरते. पाण्याचा थेंबही वाढला नाही. फक्त मोजण्याचे माप बदलले. शिवाय माणशी मोजताना स्त्री व मूल ही देखील मोजली जातात. सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री जमिनीच्या मापात कोठेच दिसत नाही. माणशी मापात ती तिच्या नवऱ्याइतकीच भरते.

येथे आमचे वाचक विचारतील की, जमीन आमची, विहीर आमची, मग वाटा दुसऱ्यास का? हा प्रश्न रास्त आहे व त्यास दयेचे उत्तर देऊन चालणार नाही. बांधात जे पाणी साठते ते एकट्या बांधाखालच्या शेतावर पडलेले नसते. ते टेकडीवरून, गायरानातून, सरकारी नाल्यातून आणि वरच्या बाजूच्या लहान शेतकऱ्याच्या बरड रानातून आलेले असते. त्या टेकडीवर व गायरानात ज्याच्या शेळ्या चरतात, त्याच्या हाती आपल्या बांधाचे आयुष्य असते. टेकडी उघडी पडली की पहिल्याच मोठ्या पावसात गाळ खाली येतो.

याचा दाखला हरियाणातील सुखोमाजरी या गावी मिळाला. हे गाव शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंदिगडजवळ आहे. चंदिगडचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात शासकीय मृदसंधारण केंद्राचे पी. आर. मिश्र यांनी या पाणलोटात मातीचे बांध घालून गावास पाणी दिले. प्रथम ते पाणी बांधाखालच्या शेतांसच मिळू लागले. ज्यांस ते मिळेना त्यांनी टेकडीवरील चराई का सोडावी? मग प्रत्येक घरास, भूमिहीनाच्या घरासही, पाण्यात सारखा वाटा दिला गेला; ज्यास शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्यास विकावा अशी मोकळीक ठेवली. त्यानंतर गावानेच टेकडी राखली, गवत वाढले व गाळ कमी झाला. वाटा मिळाला तो राखणदार झाला. यावरून न्याय्य वाटणी हा दानधर्म नसून बांधाच्या बांधकामाचाच एक भाग आहे, असे आम्ही म्हणतो.

आता आपल्या भागाकडे वळू. नागपूर जिल्ह्यात पाऊस पुरंदरच्या साधारण दुप्पट पडतो. सबब तेथील नियम येथे जसेच्या तसे आणावेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. ऊसबंदीचा नियम येथे संत्र्याच्या बहारास लावून पाहावा. आंबिया बहाराच्या फळास उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. मृग बहारास पावसाचा आधार मिळतो. सामाईक पाण्यावर आंबिया बहार किती झाडांचा धरावा, हे गटाने बसून ठरविण्यासारखे आहे.

चौथा नियम तर हुडकेश्वरच्या आसपास विशेष विचार करण्याजोगा आहे. हे गाव आता नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून, भोवतालच्या शिवारांत शेतांचे ले-आऊट पडले आहेत. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला असेल, तर सर्वांच्या श्रमाने व सरकारी पैशाने साठविलेले पाणी विक्रीच्या कागदाबरोबर परक्याच्या हाती जाते, आणि शेती करीत राहिलेल्या शेजाऱ्याची विहीर उघडी पडते. हक्क गटाचा असेल, तर जमीन विकणाऱ्याचा वाटा गटाकडे परत येतो व राहिलेल्या कास्तकारांच्या कामी पडतो. म्हणजे हा नियम भूमिहीनाइतकाच, शेती टिकवू इच्छिणाऱ्या जमीनदाराचाही रक्षक आहे.

ज्यांस असे काम आपल्या गावी हाती घ्यावयाचे असेल, त्यांनी पुढील क्रम ठेवावा. काम आखण्यापूर्वी घरवार यादी करावी, आणि या कामाने कोणाचे काय जाईल हे तीत लिहावे : कोणाची चराई, कोणाचे सरपण, कोणाची पायवाट. चराईबंदी करावयाची असल्यास राखलेल्या गवताच्या कापणीत शेळीवाल्याचा वाटा त्याच दिवशी ठरवावा. ग्रामपंचायतीच्या गावी ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर न ठेवता, स्त्रियांस शेतातून परतल्यावर येता येईल अशा वेळी भरवावी. मजुराची वर्गणी श्रमाने घ्यावी, परंतु ते श्रम रोजाच्या दराने जमा धरावेत. पाणी सोडण्यास गटाचा एक पाटकरी नेमावा, त्याचा पगार गटाने द्यावा, आणि पाळीची वही सर्वांस पाहावयास मोकळी असावी.

यात अडचण नाही असे आम्ही म्हणत नाही. सर्वांत मोठी अडचण भूमिहीनाच्या हक्काची आहे. ज्याजवळ जमीनच नाही, त्याने पाणी कोठे द्यावे? त्याचा हक्क खरा होण्यास कोणा कास्तकाराने आपली जमीन त्यास बटईने दिली पाहिजे, आणि बटईचा हिस्सा ठरविताना त्याने आणलेल्या पाण्याचे मोल धरले पाहिजे. एरव्ही हक्क वहीतच राहतो. दुसरी अडचण पंपाच्या विजेची. बिल थकले की पाणी सर्वांचेच बंद होते. म्हणून पाळीपूर्वी पैसे, हा नियम लहानमोठ्या सर्वांस सारखाच लावावा. तिसरी अडचण मनाची आहे, आणि ती बहुधा आमच्यासारख्या जमीनधारकांच्याच मनात असते. सभेत आम्ही पुढे बसतो, आम्ही बोलतो, आणि आम्ही बोललो तेच गावाचे मत असे धरून चालतो.

येत्या उन्हाळ्यात अनेक गावी नाल्यांची व तळ्यांची कामे निघतील. आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, पहिली कुदळ पडण्यापूर्वी, या पाण्यात कोणाचा किती वाटा, हे गावातील सर्वांत गरीब घराच्या माणसास समोर बसवून त्यांनी लिहून घ्यावे. तो कागद झाला म्हणजे बांधास पहारेकरी मिळाले असे समजावे.