शब्दाचं शेपूट: 'साइड' म्हणजे नेमकं काय?

तासगाव, मिरज, कवठे महांकाळच्या पट्ट्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच शेपूट दिवसभर ऐकू येतं : फंगीसाइड, इन्सेक्टिसाइड, वीडिसाइड. बागेत गेल्यावर मात्र आपण या सगळ्यांना 'औषध' म्हणतो आणि ते 'मारतो'. या दोन शब्दांत खरा आहे तो 'मारतो'. लॅटिनमधल्या 'काएदेरे' या क्रियापदाचा अर्थ कापणं, तोडणं, ठार करणं. हे शेपूट तिथून आलं. कात्रीचं इंग्रजी नाव 'सिझर्स', तेही त्याच मुळातलं. म्हणजे कात्री आणि फवारणी दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या. या शेपटाबद्दलचे काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : पेस्टिसाइड म्हणजेच इन्सेक्टिसाइड.
वस्तुस्थिती : पेस्टिसाइड हे अख्खं घराणं. किडीवरचं इन्सेक्टिसाइड, बुरशीवरचं फंगीसाइड, तणावरचं हर्बिसाइड, उंदरांवरचं रोडेंटिसाइड, सूत्रकृमींवरचं नेमॅटिसाइड ही त्यातली भावंडं. या घोटाळ्याला कायद्यानंही थोडा हातभार लावला आहे. आपल्याकडच्या 1968 च्या कायद्याच्या नावात फक्त कीटकनाशक आहे, पण त्याच्या व्याख्येत बुरशीनाशकं आणि तणनाशकंही येतात.

गैरसमज : लाल कोळीही कीडच, कुठलंही कीटकनाशक चालेल.
वस्तुस्थिती : कीटकाला सहा पाय, कोळीला आठ. द्राक्षाच्या पानामागे किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवर दिसणारी कोळी कीटकांच्या जातीतली नाही. तिच्यासाठीचा शब्दही वेगळा : मिटिसाइड किंवा अ‍ॅकॅरिसाइड. बरीच कीटकनाशकं तिला बाधत नाहीत. उलट तिला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी जोमानं वाढते.

गैरसमज : हर्बिसाइड तणालाच मारतं.
वस्तुस्थिती : 'हर्बा' म्हणजे हिरवी वनस्पती, गवत. तण कुठलं आणि पीक कुठलं, हे माणूस ठरवतो, रसायन नाही. उसात मारतात ते टू-फोर-डी रुंद पानाच्या झाडांवर तुटून पडतं. ऊस गवतवर्गातला, म्हणून तो निभावतो. वाऱ्यानं तेच तुषार शेजारच्या द्राक्षबागेवर गेले, तर वेलीची पानं आखडतात, विद्रूप होतात. द्राक्षवेल या रसायनाला फारच हळवी.

गैरसमज : फंगीसाइड म्हणजे रोग आल्यावर मारायचं औषध.
वस्तुस्थिती : बोर्डो मिश्रण घ्या. एक टक्क्याच्या द्रावणासाठी 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पानावर बसलेलं मोरचुदातलं तांबं डावणी रोगाच्या बीजाणूंना रुजू देत नाही, पण पानाच्या आत शिरलेला रोग ते बाहेर काढत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो भागात लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींवर डावणी कमी पडल्याचं मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यानं ते जगापुढे मांडलं. गंमत अशी की डावणीचा जीव खऱ्या बुरशीत मोडतच नाही. तरी औषधाचं नाव फंगीसाइडच राहिलं.

गैरसमज : डब्यावर हिरवा त्रिकोण, म्हणजे बिनविषारी.
वस्तुस्थिती : लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. हिरवा म्हणजे सगळ्यांत कमी विषारी. विष नाहीच, असं तो म्हणत नाही. 'साइड' हे शेपूट त्या डब्यावरही असतंच.

गैरसमज : हे शेपूट फक्त रसायनांना लागतं.
वस्तुस्थिती : इंग्रजीत मारणारा पदार्थ आणि मारण्याची कृती, दोघांना एकच शेपूट. होमिसाइड म्हणजे मनुष्यहत्या, सुइसाइड म्हणजे आत्महत्या. 'जेनोसाइड' हा शब्द तर राफाएल लेमकिन या कायदेपंडितानं 1944 मध्ये घडवला : 'जेनोस' म्हणजे ग्रीकमधला वंश आणि त्याला हे लॅटिन शेपूट. मराठी इथे जास्त चोख आहे. पदार्थ असेल तर 'नाशक', कृती असेल तर 'हत्या', आणि हजारोंनी माणसं मारली तर 'संहार'.

गैरसमज : 'साइड' ऐकू आलं की मारणंच.
वस्तुस्थिती : देवनागरीत इंग्रजी स्पेलिंगमधला फरक दिसत नाही. ट्रकवाल्याकडे मागतो ती 'साइड' वेगळीच, तिचा लॅटिनशी संबंध नाही. 'कोइन्साइड'मध्ये मूळ आहे पडण्याचं : दोन गोष्टी एकाच वेळी येऊन पडणं. 'डिसाइड' मात्र याच घराण्यातला, अर्थ तोडून टाकणं. आपणही ठाम निर्णयाला 'एक घाव दोन तुकडे' म्हणतोच की!

तेव्हा काउंटरवर डिसाइड करताना शेपटावर जाऊ नका. शेपूट एवढंच सांगतं की घाव बसणार आहे. तो कोणावर, हे शब्दाच्या तोंडाशी लिहिलेलं असतं.