खुर्चीपाशी येऊन सांगणारं कुणीतरी

१९९७च्या पावसाळ्यात, सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलवर मी पहिल्यांदा लाउंजमध्ये पाऊल टाकलं. आम्ही पुण्याहून पंप विकायला निघालेले दोघे. साहेबांचं तिकीट बिझनेस क्लासचं, माझं साधं. सोबतचा एक माणूस आत नेण्याची त्यांना मुभा होती, म्हणून मला आत जाता आलं. खोली फार मोठी नव्हती. दहा-बारा सोफे, चहा-कॉफी, सँडविच, त्या दिवशीची वर्तमानपत्रं. पण कोपऱ्यातल्या टेबलावर टेलिफोन होता आणि त्याच्या शेजारी फॅक्स मशीन. आलेल्या कॉललाही मोबाइलवर पैसे पडायचे ते दिवस. साहेबांनी तिथे बसून कोटेशनमधले दोन आकडे बदलले, कागद मशीनमध्ये सरकवला आणि विमान सुटायच्या आधी नवे दर चेन्नईच्या गिऱ्हाइकाच्या हातात पडले. ‘बिझनेस लाउंज’मधला बिझनेस म्हणजे काय, ते मला त्या टेबलाशी कळलं.

तेवढंच लक्षात आहे असं मात्र नाही. थोड्या वेळाने काउंटरवरची मुलगी उठली, आमच्या सोफ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, चेन्नईचं बोर्डिंग सुरू झालंय, निघालात तरी चालेल.” बाहेर स्पीकरवर गोंगाट चालला होता. आत एक माणूस दुसऱ्या माणसाला सांगत होता. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मी नोकरीपायी महिन्यातून चार-पाच वेळा विमानात बसलो, देशोदेशीची लाउंजं पाहिली. ती पाहताना माझ्या मनातली मोजपट्टी त्या मुलीच्या त्या दोन वाक्यांचीच राहिली.

लाउंजची गोष्ट तशी जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला लाग्वार्डिया विमानतळ सुरू झाला आणि तिथे अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ काढला. कंपनी आपल्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणायची, त्यामुळे मानाचे प्रवासी झाले अ‍ॅडमिरल. पैसे मोजून तिथे जाता येत नसे, कंपनीचं आमंत्रण लागायचं. कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांना हे पक्कं ठाऊक होतं, की वारंवार उडणारा माणूस खुर्ची आणि चहापेक्षाही ओळखीला भुलतो. ही आमंत्रणाची पद्धत पुढे मागे पडली, पण संपली नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचं ‘चेअरमन्स लाउंज’ आजही आमंत्रणावरच चालतं.

खरा बदल १९७८ नंतर झाला. त्या वर्षी अमेरिकेने विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवायला सुरुवात केली. तोवर भाडी ठरलेली असायची, त्यामुळे चढाओढ होती ती जेवणाची आणि सेवेची. भाडी मोकळी झाल्यावर गिऱ्हाईक दर वेळी स्वस्त तिकिटाकडे पळायला लागलं. त्याला धरून ठेवायला उडालेले मैल मोजायची युक्ती निघाली. १९७९ मध्ये टेक्सास इंटरनॅशनलने ती आधी करून पाहिली, १९८१च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ या नावाने मोठी केली. लाउंजची किल्ली आता आमंत्रणाऐवजी वहीतल्या हिशेबावर मिळू लागली. मला हे मनापासून बरं वाटतं. कुणाच्या ओळखीने मिळालेल्या जागेपेक्षा आपल्या पायपिटीने कमावलेली जागा केव्हाही चांगली.

आपल्याकडे ते वारं जरा उशिरा आलं. १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. मधल्या चार दशकांत देशात फिरणाऱ्या माणसापुढे इंडियन एअरलाइन्सखेरीज फारसा पर्याय नव्हता. जो हमखास आपल्याकडेच येणार, त्याचे मैल कोण मोजणार? जेट एअरवेजने १९९३च्या मे महिन्यात उड्डाणं सुरू केली आणि पुढे ‘जेट प्रिव्हिलेज’ आणलं. ब्लू, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही उतरंड आमच्यासारख्या फिरत्या लोकांना तोंडपाठ झाली. कंपनीतले सहकारी वर्षअखेरीला एकमेकांना विचारायचे, “गोल्ड टिकतंय ना?” त्यात मिरवण्याचा भाग होता हे खरं. पण पहाटे साडेतीनला पुण्याहून गाडी काढून मुंबई गाठणाऱ्या माणसाला पाठ टेकायला जागा, स्वच्छ बाथरूम आणि गरम पोहे मिळणं ही चैन नव्हती, दिवसभर उभं राहण्याची ती शिदोरी होती.

परदेशातल्या लाउंजांत मला सगळ्यात मोलाची वाटली ती अंघोळ. जुलै २०१४ मध्ये एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये आली आणि आपल्याकडच्या गोल्ड सभासदांना लुफ्थांझासारख्या भागीदार कंपन्यांची दारं उघडली. फ्रँकफुर्टला पहाटे उतरायचं, पुढचं विमान चार तासांनी, आणि दुपारी पोचल्या पोचल्या बैठक. काउंटरवर नाव दिलं की पाळी आल्यावर छोट्या खोलीचं दार उघडून मिळायचं. घडी घातलेला जाड पांढरा टॉवेल, भिंतीवरचा साबण, कोट टांगायला खुंटी. गरम पाणी मानेवर पडलं की रात्रभराची नऊ तासांची खुर्ची अंगातून उतरायची. तिथून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलेला माणूस बैठकीत वेगळाच बोलतो, हा माझा अनुभव आहे. आखाती कंपन्यांनी तर कमालच केली. दुबईला २०१३ मध्ये ए-३८० विमानांसाठी नवी इमारत उभी राहिली, तिथे लाउंजमधूनच थेट विमानात चढता येतं. भव्य आहे ते. पण इतक्या मोठ्या दालनात तुमच्या खुर्चीपाशी कोण येणार?

लाउंज म्हणजे खरं काय, हे मला एका डिसेंबरात दिल्लीला उमगलं. रात्री धुकं इतकं उतरलं, की काचेपलीकडचं विमान दिसेना. फ्लाइट रद्द. बाहेर कंपनीच्या काउंटरवर दोन-तीनशे माणसं, लहान मुलं, चढलेले आवाज. मी लाउंजमध्ये त्याच कंपनीच्या बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी माझा पीएनआर टाकला, तीन पर्याय पाहिले आणि विचारलं, “सकाळी सहाची सीट धरू? ती चुकली तर नऊच्या फ्लाइटलाही नाव टाकून ठेवते.” सहाची फ्लाइटही धुक्यात गेली. नऊचा बोर्डिंग पास त्यांनी आधीच काढून ठेवला होता, त्याच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाने गेट नंबर लिहिलेला. त्या रात्री मी तिथलं काय खाल्लं ते आठवत नाही. तो निळा आकडा आठवतो. कंपनीच्या स्वतःच्या लाउंजचं मोल यात होतं: समोरच्या माणसाच्या संगणकाला तुमच्या तिकिटाला हात लावता येत होता.

हा धागा पुढे तुटत गेला. एअर डेक्कनने २००३ मध्ये आणि इंडिगोने २००६ मध्ये स्वस्त विमानप्रवास आणला. त्या हिशेबात लाउंजला जागा नव्हती, आणि त्यामुळे लाखो लोक पहिल्यांदा विमानात बसले, हे विसरून चालणार नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. १७ एप्रिल २०१९ला जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. पाकिटातलं कार्ड तसंच राहिलं, त्याच्यामागची कंपनी गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराही एअर इंडियात विलीन झाली.

रिकामी जागा बँकांनी भरली. क्रेडिट कार्डावर, कित्येकदा डेबिट कार्डावरही, लाउंज मिळू लागलं. दारातल्या मशीनवर दोन रुपयांचा स्वाइप, की आत. माणशी ठरलेली रक्कम बँक मधल्या कंपनीला देते, ती लाउंज चालवणाऱ्याला. विमान कंपनीचा त्यात संबंधच उरत नाही. गर्दी वाढली, बँकांचा खर्च वाढला, मग २०२४ मध्ये बऱ्याच बँकांनी आदल्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली. मधल्या कंपन्यांतली सगळ्यात मोठी ड्रीमफोक्स, तिने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. दारात कार्ड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं, की गेल्या महिन्यात चाललेलं कार्ड आज चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका लाउंजमध्ये मी बसलो असताना फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज आला. काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो नम्र होता, पण म्हणाला, “सर, आमच्याकडे फ्लाइटची सिस्टम नाही, तुम्हाला बाहेर जावं लागेल.” बाहेर रांग होती. मी तिच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. दार सगळ्यांना उघडलं याचा मला आनंदच आहे, पण आतून एक माणूस कमी झाला याचं वाईट वाटतं. प्रत्येक लाउंजमध्ये विमान कंपन्यांचं मिळून एक टेबल असावं, तिकिटाला हात लावू शकणारा एक माणूस असावा. बुफेतले चार पदार्थ कमी झाले तरी चालतील.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून लंडनला निघालो होतो. लाउंजमध्ये शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, सोलापूरकडच्या. लेकीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या, विमानात पहिल्यांदाच बसणार होत्या. मुलाने त्यांच्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्ड काढून दिलं होतं. पायाशी डिंकाच्या लाडवांची पिशवी, हातात उपम्याची बशी. “याचे पैसे नंतर घेतात का हो?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या निवांत खायला लागल्या. मग म्हणाल्या, “गाडी लागली की इथं पुकारतील ना?”

भिंतीवर पाटी होती: या लाउंजमध्ये उड्डाणांच्या घोषणा केल्या जात नाहीत. त्यांचा बोर्डिंग पास पाहिला. आमचं विमान एकच होतं. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही स्वस्थ बसा, मी सांगतो.” पुढचा तासभर मी स्क्रीनवर नजर ठेवून होतो. त्यांचा डोळा लागला होता. आमच्या नंबरासमोर अक्षरं बदलली तसा उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेलो आणि हळूच म्हटलं, “मावशी, बोर्डिंग सुरू झालंय. चला, निघू या.”