आकड्यांची चित्रं (लेखांक ७) : मिशीबाहेरचे ठिपके

गेल्या आठवड्यात आपण हिस्टोग्राम काढला आणि स्तंभांची रुंदी बदलली की चित्राचं रूप किती पालटतं ते पाहिलं. हिस्टोग्रामची आणखी एक अडचण आहे. पाच गटांची तुलना करायची तर पाच हिस्टोग्राम शेजारीशेजारी मांडावे लागतात, आणि मग कशाची कशाशी तुलना चाललीय हेच नजरेला कळेनासं होतं. अशा वेळी बॉक्सप्लॉट कामाला येतो. प्रत्येक गटाची एक पेटी, पेटीला वर-खाली मिशा, आणि मिशीच्याही पलीकडे काही सुटे ठिपके. पेटी आणि मिशा लोकांना लवकर समजतात. गोंधळ होतो तो ठिपक्यांपाशी, म्हणून आजचा बराचसा लेख त्यांच्यावरच आहे.

आकडे घेऊ या ते खरे आणि जुने. अल्बर्ट मायकेलसन यांनी १८७९ च्या जून-जुलैत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ॲनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीत प्रकाशाचा वेग मोजला. सेकंदाला सुमारे २५७ फेरे घेणारा एक आरसा, आणि त्याच्यापासून जवळपास २,००० फुटांवर दुसरा, स्थिर आरसा. प्रकाश तिथवर जाऊन परत येईपर्यंत फिरता आरसा किंचित वळलेला असतो, त्यामुळे परतलेला किरण मूळ जागी न पडता सुमारे १३३ मिलिमीटर बाजूला पडतो. ते सरकणं मोजायचं आणि त्यावरून वेग काढायचा. अशा १०० नोंदी आज पाच प्रयोगांत वाटलेल्या मिळतात, प्रत्येक प्रयोगात २०. आकडे किलोमीटर प्रतिसेकंदात असतात आणि प्रत्येकातून २,९९,००० वजा केलेले असतात. म्हणजे ८५० लिहिलं असेल तर वेग २,९९,८५०. ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेसोबत ही नोंदवही आपोआप येते. तिथे तिचं नाव ‘मॉर्ली’ आहे. या मोजणीत मॉर्ली या शास्त्रज्ञाचा काडीचाही संबंध नव्हता. ते मायकेलसन यांच्यासोबत आले ते नंतर; दोघांचा प्रसिद्ध प्रयोग १८८७ चा. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

चित्र काढायला आपण पायथनमधली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरू. जॉन हंटर या चेताशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत पाहता यावेत म्हणून ती लिहायला घेतली आणि २००३ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यातल्या ‘बॉक्सप्लॉट’ या फंक्शनला पाच याद्यांची एक यादी दिली की पाच पेट्या तयार. यादीऐवजी नमपाय या लायब्ररीचा चौकोनी ॲरे दिलात तर मात्र जपून. हे फंक्शन प्रत्येक उभ्या रकान्याची एक पेटी करतं. पाच आडव्या ओळींत वीस-वीस आकडे भरून दिलेत, तर पाच-पाच आकड्यांच्या वीस पेट्या समोर येतील आणि लायब्ररी चकार शब्द काढणार नाही. रिकाम्या नोंदींचंही तसंच. वीसपैकी एक जागा ‘नॅन’ असेल तर त्या प्रयोगाची पेटीच गायब होते. सीबॉर्न ही लायब्ररी अशा रिकाम्या नोंदी स्वतःच गाळते, मॅटप्लॉटलिब ते काम तुमच्यावर सोडते. मला मॅटप्लॉटलिबचीच पद्धत बरी वाटते. आकडा नाही हे निदान लक्षात तरी येतं.

आता पहिला प्रयोग हाताने सोडवू. वीस नोंदी चढत्या क्रमाने लावल्या तर सर्वांत लहान ६५०, सर्वांत मोठी १०७०. दहावी नोंद ९३० आणि अकरावी ९५०, म्हणून मध्यक ९४०. मॅटप्लॉटलिब तो नारिंगी रेषेने दाखवते. पहिलं चतुर्थक, म्हणजे चढत्या क्रमातल्या पाव नोंदी जिथे संपतात ती जागा, ८५०; तिसरं, म्हणजे पाऊण नोंदी संपतात ती, ९८०. ही झाली पेटीची खालची आणि वरची कड. पेटीची उंची १३०. या उंचीची दीडपट, म्हणजे १९५, पेटीच्या दोन्ही कडांपासून बाहेर मोजायची. खाली ६५५ वर एक अदृश्य कुंपण पडतं, वर ११७५ वर दुसरं. मिशी कुंपणापर्यंत जात नाही, हे अनेक पाठ्यपुस्तकांतही चुकतं. कुंपणाच्या आतली जी शेवटची खरी नोंद असेल तिथे ती थांबते. इथे खालची मिशी ७४० वर आणि वरची १०७० वर संपते. ६५० ही नोंद कुंपणाबाहेर पडली, तीही अवघ्या पाचाने, म्हणून तिचा सुटा ठिपका झाला. ती ६६० असती तर ठिपका उमटलाच नसता आणि मिशी तिच्यापर्यंत लांबली असती.

ही दीडपट आली कुठून? जॉन टुकी यांच्याकडून. त्यांचं ‘एक्सप्लोरेटरी डेटा ॲनालिसिस’ हे पुस्तक १९७७ मध्ये आलं आणि आजचा बॉक्सप्लॉट त्यातूनच रूढ झाला. मेरी एलेनॉर स्पीअर यांनी त्याच्याशी नातं सांगणारा आलेख १९५२ मध्येच छापला होता, त्यांचं नाव मात्र फारसं घेतलं जात नाही. आकडे घंटेच्या आकाराच्या सामान्य वितरणातले असतील, तर दीडपटीच्या कुंपणाबाहेर हजारात साधारण सात नोंदी पडतात. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना लाखभर नोंदींच्या चित्रात सातेकशे ठिपके दिसणारच. दीड ही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नव्हे, एका जाणत्या माणसाने कागद-पेन्सिलीच्या काळात निवडलेली सोयीची संख्या आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘व्हिस’ या नावाने ती बदलता येते. तिथे एका संख्येऐवजी ० आणि १०० अशी शतमकांची जोडी दिली की मिशा थेट किमान-कमाल नोंदींना भिडतात आणि ठिपके उरत नाहीत.

तिसरा प्रयोग सगळ्यांत मजेदार. त्यात ८४० हा आकडा पाच वेळा आणि ८८० चार वेळा येतो, त्यामुळे पेटी ८४० ते ८८० एवढीच, चाळीसच उंचीची. कुंपणं ७८० आणि ९४० वर. खालच्या कुंपणाच्या आतली सर्वांत लहान नोंद आहे ८४०, आणि तीच पेटीची खालची कड! म्हणजे या पेटीला खाली मिशीच नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की प्रोग्रॅममध्ये काहीतरी फसलं. फसलेलं काही नसतं. मधल्या नोंदी इतक्या दाटीने बसल्यात, की बाहेरच्या बहुतेक कुंपणापार गेल्या. वर ९५० आणि ९७०, खाली ७२०, ७२० आणि ६२०. वीसपैकी पाच नोंदी सुट्या पडल्या, पण चित्रात ठिपके मोजलेत तर चारच भरतील, कारण दोन ७२० एकमेकांवर बसलेत. म्हणून नोंदी शे-दोनशेच असतील तर पेट्यांवर मूळ आकड्यांचे फिकट ठिपकेही टाकावेत आणि ते डावी-उजवीकडे किंचित विखरावेत, असा माझा आग्रह असतो. फक्त एक ध्यानात ठेवा : मॅटप्लॉटलिब पेट्यांना १, २, ३ अशा जागा देते, सीबॉर्न ० पासून मोजते. दोन्हींची सरमिसळ केली की सगळे ठिपके शेजारच्या पेटीवर जाऊन बसतात.

हेच आकडे दोन वेगवेगळ्या साधनांना दिले तर पेटी थोडी वेगळी येऊ शकते, हेही सांगून ठेवतो. दुसऱ्या प्रयोगात पंधरावी नोंद ८८० आणि सोळावी ९००. टुकी यांची रीत वरच्या दहा नोंदींचा मध्यक घेते, म्हणजे ८९०. ‘आर’चा बॉक्सप्लॉट तसंच करतो. मॅटप्लॉटलिब दोन नोंदींमधलं अंतर प्रमाणात वाटते आणि ८८५ सांगते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. सहकाऱ्याची पेटी आपल्या पेटीशी जुळत नाही म्हणून वाद घालण्याआधी चतुर्थक कोणत्या रीतीने काढलंय ते विचारावं.

‘नॉच’ हा पर्याय सुरू केला की पेटीला मध्यकापाशी कंबर येते. मध्यकाच्या अनिश्चिततेचा तो ढोबळ अंदाज असतो : पेटीच्या उंचीला १.५७ ने गुणायचं आणि नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. पहिल्या प्रयोगात हा आकडा ४६ च्या जवळ येतो. ९४० मध्ये तो मिळवला तर ९८६ होतात आणि पेटीची वरची कड तर ९८० वरच आहे. मग कंबर कडेच्या बाहेर निघते आणि पेटीचे कोपरे दुमडल्यासारखे दिसतात. पाचव्या प्रयोगात हेच खालच्या बाजूला होतं. वीस नोंदींवर हा पर्याय न वापरलेलाच बरा.

पाचही पेट्या शेजारी ठेवल्या की पहिली सर्वांत उंच आणि सर्वांत वर दिसते, पुढच्या चारही तिच्यापेक्षा खाली बसतात. शंभर नोंदींची सरासरी ८५२.४ आहे. या चित्रावर खऱ्या वेगाची आडवी रेष मारायची पद्धत आहे आणि ती बहुतेक ठिकाणी ७९२ वर मारलेली असते, कारण प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. मला ते पटत नाही. तो वेग निर्वातातला आहे. मायकेलसन यांचे हे आकडे हवेतले आहेत आणि हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ८० किलोमीटरने मंद असतो. त्यांच्या बाकीच्या दुरुस्त्या कशा धरायच्या यावर रेष थोडी वर-खाली होईल, पण ती साधारण ७०० ते ७३५ च्या पट्ट्यात यायला हवी. तशी मारून पाहा. चौथ्या पेटीतून जाणारी रेष आता पाचही पेट्यांच्या खाली येते. उपकरणाची चूक सगळ्या नोंदींना एकाच दिशेने ढकलत होती, आणि पेटी कितीही नेटकी असली तरी ते सांगू शकत नाही. रेषेजवळ आहे काय, तर चौथ्या पेटीच्या मिशीचं टोक, आणि तिसऱ्या प्रयोगात कुंपणाबाहेर टाकलेले, एकमेकांवर बसलेले ते दोन ७२०. सुटे ठिपके दाखवणारा ‘शोफ्लायर्स’ हा पर्याय बंद करून चित्र स्वच्छ करायचा मोह झाला असता, तर तिसऱ्या प्रयोगातल्या खऱ्या वेगाच्या सर्वांत जवळच्या नोंदीच पुसल्या गेल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात व्हायोलिन प्लॉट. एका गटात दोन शिखरं असली तर पेटी ती झाकून टाकते, व्हायोलिन उघडी करतं. पण त्यासाठी ते आकड्यांना एक गुळगुळीतपणा बहाल करतं, आणि तो कितपत मान्य करायचा ते तेव्हा पाहू.