टी-शर्टवरची छपाई आणि टेपबद्दलचे गैरसमज

दहीहंडीच्या आधीचे दोन आठवडे मुंबई-ठाण्यातल्या टी-शर्ट छापणाऱ्या दुकानांना उसंत नसते. छातीवर पथकाचं नाव, पाठीवर प्रायोजकाचा लोगो, आणि सगळं परवापर्यंत हवं. पाठोपाठ गणपती मंडळं येतात, मग टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. या धंद्यात मशीन, शाई, विनाइल यांवर तासन्‌तास चर्चा चालते, पण टेपचं नाव कुणी काढत नाही. संपली की शेजारच्या रेडियमवाल्याकडून मागून आणायची वस्तू, एवढाच तिचा मान. कपड्यावर चिकट डाग राहिला किंवा अक्षराची शेपटी उचलली गेली की शिव्या मात्र विनाइलला.

पहिला गैरसमज याच उसनवारीतून येतो: टेप ती टेप, रेडियमची असली म्हणून काय झालं? झालं बरंच काही. बाजारात ‘ट्रान्सफर टेप’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू मिळतात. रेडियमवाल्याची टेप काच, पत्रा, गाडीची दिकी अशा थंड पृष्ठभागावर कापलेली अक्षरं नेऊन बसवण्यासाठी असते. तिचा पाया कागदाचा किंवा पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन अशा प्लॅस्टिकचा. कपड्यासाठीचा हीट ट्रान्सफर मास्क पॉलिएस्टर फिल्मचा असतो. तिसरी ती अरुंद पिवळसर टेप, पॉलिइमाइडची. तिचं काम निराळंच असल्यामुळे तिच्याकडे नंतर येऊ.

कपड्यावर छापील विनाइल बसवताना हीट प्रेस बहुधा १५० ते १६० अंश सेल्सिअसवर असतो आणि दाब पंधरा सेकंदांच्या आसपास ठेवतात. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना वितळतं, म्हणजे प्रेसचा काटा आणि त्याचा वितळबिंदू एकाच रेषेवर. पॉलिएस्टर वितळायला मात्र २५० अंश ओलांडावे लागतात. कागद या उष्णतेला जळत नाही, हे खरं. म्हणूनच काही जण म्हणतात, कागदी टेपने आमचं काम झालं की! पण फसवतो तो कागदामागचा गोंद. रेडियमवाल्याच्या टेपचा गोंद या तापमानासाठी बनवलेलाच नसतो. गरम झाला की पातळ होऊन कापडाच्या धाग्यांत शिरतो आणि थंड झाला की तिथेच बसतो. काळ्या टी-शर्टवर अक्षरांभोवती धूळ धरणारी जी चौकट दिसते, ती अशी तयार होते.

रोलच्या वेष्टनावर तापमान छापलेलं असलं की सगळं आलबेल, हीही घाईच. टेपला दोन मर्यादा असतात, एक फिल्मची आणि एक गोंदाची, आणि त्यांतली कमी असेल ती खरी. वर छापलेला आकडा काही सेकंदांसाठी आहे की सतत तापवण्यासाठी, हेही विचारावं. शिवाय न वितळणारी फिल्म आकसू शकते. उष्णतेने आधीच स्थिरावून न घेतलेलं स्वस्त पॉलिएस्टर प्रेसखाली किंचित आखडतं. मोठ्या लोगोत ते कळत नाही, पण देवनागरी ओळीतली शिरोरेघ वाकडी झाली की लगेच नजरेत भरते.

आता सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज: टेप जितकी चिकट तितकी चांगली. यावर थोडं थांबतो, कारण टेप निवडण्याचं सगळं मर्म इथेच आहे. मास्कला आधी विनाइल त्याच्या पाठकागदावरून उचलून घ्यायचं असतं आणि प्रेसनंतर ते कापडावर सोडून द्यायचं असतं. म्हणजे त्याची पकड पाठकागदाच्या पकडीपेक्षा जास्त हवी आणि कापडात वितळून बसलेल्या विनाइलच्या गोंदथराच्या पकडीपेक्षा कमी. या दोहोंमधल्या जागेत बसेल ती टेप योग्य. पकड फार कमी असेल तर अनुस्वार आणि वेलांट्या मागे कागदावरच राहतात. फार जास्त असेल तर मास्क काढताना विनाइलची कडा वर येते, छापलेल्या शाईचा पापुद्रा निघतो आणि सुती कापडाचे तंतूही ओढले जातात.

ही जागा प्रत्येक मालागणिक सरकते. गुळगुळीत पीयू (पॉलियुरेथेन) विनाइलला बेताची पकड पुरते. खरखरीत किंवा मखमली विनाइलवर गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो, त्यामुळे तिथे जास्त पकड लागते. बारीक अक्षरांनाही थोडी जास्त चालते. शिवाय पकड स्थिर नसते. मास्क लावून दोन-चार दिवस ठेवला की ती वाढते आणि उष्णतेने, दाबानेही वाढते. बोटाला सौम्य वाटलेली टेप प्रेसमधून आल्यावर हट्टी झालेली असते. त्यामुळे दुकानात अंगठा लावून टेप पारखणं फारसं कामाचं नाही. उत्पादकांच्या माहितीपत्रकात २५ मिलिमीटर रुंद पट्टी सोलायला किती जोर लागतो याचा आकडा असतो. दोन रोलांची तुलना करायची तर त्याच्यावरून करावी.

मास्क निघत नाही अशा तक्रारींमागे अनेकदा हाताची पद्धत असते. गरम असताना काढायचा, कोमट की पूर्ण थंड, हे विनाइलचा उत्पादक सांगतो, कारण वितळलेला थर किती वेळात घट्ट होतो यावर ते ठरतं. काढताना मास्क सरळ वर उपटू नये. तो स्वतःवरच दुमडून, कापडाला जवळजवळ समांतर ओढत न्यावा.

दुसऱ्या टोकाला प्रत्येक कामात मास्क लागतोच असं समजून रोल संपवणारे आहेत. साधं एकरंगी हीट ट्रान्सफर विनाइल पारदर्शक वाहक फिल्मवरच येतं. ते उलटं कापायचं, नको तो भाग काढायचा आणि दाबायचं. डीटीएफमध्ये, म्हणजे डायरेक्ट-टू-फिल्म छपाईत, ज्या फिल्मवर छापलं, तीच वाहक असते. मास्क लागतो तो इको-सॉल्व्हेंटसारख्या शाईने रंगीत छापून मग आकारात कापलेल्या विनाइलला, कारण त्याची छपाईची बाजू वर उघडी असते. ते सुलटंच छापायचं. सवयीने उलटं छापलं तर अख्खं पथक आरशात वाचावं लागेल.

आणि छापल्या छापल्या मास्क लावू नये. इको-सॉल्व्हेंट शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातला द्रावक हळूहळू उडत असतो. मास्क लावला की तो कोंडतो, शाई मऊ राहते आणि टेपबरोबर उचलली जाते. साधारण २४ तास मोकळं ठेवण्याची शिफारस असते. हंडी परवावर आलेली असताना ही शिफारस ऐकायला कुणाला आवडत नाही, पण म्हणून द्रावक लवकर उडत नाही.

आता ती पिवळसर टेप. पॉलिइमाइडचं सर्वांत परिचित व्यापारी नाव कॅप्टॉन, मूळचं ड्युपाँट कंपनीचं. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या सोनेरी आवरणांत हीच फिल्म वापरली होती. सिलिकॉन गोंदासह तिची टेप साधारण २६० अंशांपर्यंत टिकते. तिचं काम डिझाइन उचलायचं नसून सब्लिमेशनचा कागद जागेवर धरायचं आहे. सब्लिमेशनमध्ये १९० ते २०० अंशांना रंगाची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यांत शिरते. प्रेस उघडताना कागद जरासा सरकला तरी अक्षराला सावली येते. इथे खोक्यांना लावायची पॅकिंग टेप वापरली तर तिचं पॉलिप्रॉपिलीन वितळून कापडालाही लागतं आणि प्रेसच्या तव्यालाही. रंगकाम करणाऱ्यांची साधी मास्किंग टेपही या उष्णतेची नाही.

टेप जास्त लावली म्हणजे कागद जास्त पक्का, असं मात्र नाही. जर्सीच्या कापडावर टेपच्या कडेचा वळ उमटतो, म्हणून छोटे तुकडे डिझाइनपासून दूर लावावेत. मोठ्या कामाला गरम झाल्यावर चिकटणारा टॅकी सब्लिमेशन कागद घेतला तर टेपची गरजच उरत नाही. एकदा वापरलेला तुकडा पुन्हा लावू नये, त्यावर बसलेला रंग पुढच्या कपड्यावर उतरू शकतो. पॉलिएस्टरचा मास्क मात्र तंतू आणि धूळ साचेपर्यंत पुन्हा वापरता येतो.

शेवटी टेपवर येणारे दोन खोटे आळ. लाल पॉलिएस्टर जर्सीवरचा पांढरा नंबर दोन दिवसांत गुलाबी झाला, तर तो टेपचा गोंद नाही. जर्सीचाच रंग उष्णतेने सुटून विनाइलमध्ये चढलेला असतो. त्यावर उपाय कमी तापमानाला बसणारं किंवा रंग अडवणारा थर असलेलं विनाइल. आणि दोन धुण्यांत अक्षरं सुटली, तर तापमान, दाब आणि वेळ तपासा. पावसाळ्यात दमट कापड आधी तीन ते पाच सेकंद नुसतं दाबून ओल काढली होती का, तेही आठवा. टेप तोवर कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते.

नवीन रोल आला की एक वीतभर पट्टी त्याच कापडाच्या चिंधीवर कामाच्याच तापमानाला, नेहमीपेक्षा पाच सेकंद जास्त दाबून बघा. पट्टी आखडली, चिंधीला बोट चिकटलं किंवा सोलताना तंतू निघाले, तर तो रोल ऑर्डर सुरू होण्याआधीच परत करा.