केनियाची सफारी: तिकिटाआधी लसीची तारीख पाहा

धाटाव-रोह्यातून केनियातील मसाई माराचा बेत आखताना पहिला हिशेब विमानाच्या तिकिटाचा होतो. खरे तर तो लसीचा हवा. केनिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. कंपनीतली रजा संपलेली असली तरी सुटका नाही.

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होते. मग आयुष्यभर चालते. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, त्यामुळे रोह्याहून मुंबईची एक फेरी धरूनच चाला. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय ६० च्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

व्हिसाऐवजी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते.

आता हंगाम. सेरेंगेटीतून येणारे विल्डेबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. मात्र २०२४ च्या दरांनुसार जुलैपासून परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर प्रवेश शुल्क पडते, जूनपर्यंत १००. मुलांची मे महिन्याची सुट्टी त्यामुळे स्वस्त. पण मार्च ते मे हा तिथला पावसाळा. सिंह, हत्ती तेव्हाही असतात, गाडी मात्र चिखलात रुतू शकते.