ओव्हनमागचं शास्त्र – ६ : फ्रूट बिस्किटातलं पाणी

गेल्या आठवड्यात नानकटाई झाली. तूप, साखर आणि मैदा एवढ्यावर ती भागते, त्यामुळे पाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. नाताळच्या पार्टीसाठी फळं घातलेली बिस्किटं करायची म्हटलं की तो येतोच. बिस्किट कुरकुरीत राहतं ते त्यात पाणी जेमतेम उरतं म्हणून, आणि ताजं फळ म्हणजे बहुतेक पाणीच. स्ट्रॉबेरीचे तुकडे घातले तर ते ओव्हनमध्ये पाझरतात, भोवतीचं पीठ चिकट राहतं आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून मऊ चकत्या निघतात. केक हा ओलावा पचवतो, बिस्किट नाही.

म्हणून टूटीफ्रूटी. तिला रंगीत, नकली म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ती असते कच्ची पपई. काही ठिकाणी झाडावरच्या कच्च्या पपईला चिरा देऊन चीक गोळा करतात. मांस मऊ करायला आणि औषधांत लागणारं पपेन त्यापासून बनतं. असं चिरलेलं फळ फळवाल्याच्या गाडीवर कोण घेणार? ते टूटीफ्रूटीच्या कामी येतं.

तुकडे आधी चुन्याच्या निवळीत किंवा कॅल्शियमच्या द्रावणात ठेवतात. कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला बांधून ठेवतं, त्यामुळे तुकडे शिजूनही गळत नाहीत. आग्र्याच्या पेठ्यासाठी कोहळ्याचं हेच करतात. मग पाक, पण एकदम घट्ट नाही. तसं केलं तर आतलं पाणी भसकन बाहेर पडून तुकडा सुरकुततो. पाक टप्प्याटप्प्याने दाट करत नेला की पाणी बाहेर येतं आणि साखर आत शिरते. अखेरीस साखर सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचते. उरलेलं पाणी ती इतकं घट्ट धरून ठेवते, की ते बुरशीलाही मिळत नाही आणि शेजारच्या पिठालाही फारसं नाही.

या तुकड्यांच्या बिस्किटांनी एका शहराला ओळख दिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली हैदराबादेत, मोअज्जम जाही मार्केटपाशी कराची बेकरी काढली. तिथली फ्रूट बिस्किटं आज हैदराबादहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात हमखास सापडतात.

घरी करायला २०० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कस्टर्ड पावडर, १२५ ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम पिठीसाखर, ७५ ग्रॅम टूटीफ्रूटी, मूठभर काजूचे तुकडे आणि वेलदोड्याची पूड घ्या. कस्टर्ड पावडर वासापुरती नाही. ती मुख्यतः मक्याचं स्टार्च; त्यात ग्लुटेन नसल्याने मैद्याचा चिवटपणा कमी होतो. लोणी आणि साखर फेसून त्यात बाकी सगळं हलक्या हाताने गोळा करा. मळू नका. गोळा होईना तर चमचा-दोन चमचे दूध पुरे. टूटीफ्रूटी ओलसर असेल तर आधी कागदावर पसरून चमचाभर मैद्यात घोळवा.

पिठाची चौकोनी लांबट वडी करून ती फ्रीजमध्ये तासभर तरी कडक होऊ द्या. लोणी मऊ असताना सुरी फळाच्या तुकड्याला अडते आणि चकती फाटते. तुकडेही बारीकच हवेत. तासगावचे बेदाणे घालायचे तर चिरून घाला आणि वर डोकावणारे आत दाबा, नाहीतर ते जळून कडू होतात. रममध्ये भिजवलेला सुकामेवा मात्र केकसाठीच ठेवा. इथे तो सगळी मेहनत पाण्यात घालवेल.

अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या १७० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. कडा सोनेरी झाल्या की काढा. मधे बोट दाबून पाहू नका. गरम बिस्किट मऊच लागतं, निवताना कडक होतं. जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतली वाफ डब्यातच कोंडते.

पार्टीच्या दिवशी घाई नको असेल तर कच्ची वडी गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा; महिनाभर चांगली राहते. पाहुणे यायच्या तासभर आधी बाहेर काढायची, सुरी शिरण्याइतकी सैल झाली की कापायची आणि ओव्हनमध्ये सरकवायची.